सीटखालची तार

४ मार्च

नवं हार्वेस्टर मशीन आज आलं. मुलीला शाळेत बक्षीस मिळालेली ही डायरी कोरीच पडून होती, ती मागून घेतली. मशीनचं पहिल्यापासून सगळं लिहून ठेवणार आहे.

जुन्या मशीनवर माझं अर्धं आयुष्य गेलं. त्याला केबिन नव्हती. धूळ, धूर आणि इंजिनचा आवाज, तोही थेट कानाशी. कुठलं बेअरिंग कधी जाणार हे मला नुसतं ऐकून कळायचं. म्हणूनच लोक वस्ताद म्हणतात. नवं मशीन म्हणजे चाकांवरचा दवाखाना आहे. जिकडे पाहावं तिकडे सेन्सर. दाण्यात ओलावा किती, टाकी किती भरली, मागून भुशाबरोबर किती दाणा वाया चाललाय, सगळं स्क्रीनवर येतं. काही बिघडलं की बीप वाजतो म्हणे. एकदा ओळ पकडून दिली की मशीन सरळ रेषेत आपलं आपण चालतं. सीटखालीसुद्धा एक सेन्सर. ड्रायव्हर उठला की पुढचं कापणीचं तोंड बंद.

शिकवायला कंपनीचा टेक्निशियन आला होता. पिवळी टोपी घातलेला, हसरा, पण तोंडातल्या तोंडात पुटपुटणारा. बराच वेळ ऐकलं, निम्मं डोक्यावरून गेलं, मग मी खाली उतरून सावलीत बसलो. बायको मात्र शेवटपर्यंत केबिनमध्ये उभी. हिचं काम फोनवर बुकिंग घ्यायचं. हिला काय करायचंय सेन्सरशी? जाताना टोपीवाला माझ्याजवळ येऊन म्हणाला, "भाऊजी, ताई फार पटकन शिकतात हं."

मी भाऊजी, ही ताई. एका दिवसात नातं जोडून मोकळा.

७ मार्च

दूधवाल्याच्या शेतात पहिला गहू कापला. मन रमलं नाही.

कापताना मधूनमधून उभं राहायची माझी सवय आहे. उभं राहिलं की पीक कुठे आडवं पडलंय ते दिसतं. पण उठलो की तोंड बंद. बसलो, चालू केलं, परत विसरून उठलो, परत बंद. फेरी संपवून बांधापाशी उतरलो तर दूधवाला ओरडला, "वस्ताद, बसा की जरा! खुर्ची टोचते का?" सगळे हसले.

ही बाजूच्या छोट्या सीटवर होती. मध्येच माझा दंड दाबते आणि स्क्रीनकडे बोट दाखवते. म्हणे बीप वाजतोय. कसला बीप? मला इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "उगाच काहीतरी." तिने हात पुढे करून भुसा उडवणाऱ्या पंख्याचा वेग कमी केला. मी स्टिअरिंगवर असताना! माझ्या मशीनवर आजवर दुसऱ्या कुणाचा हात पडलेला नाही.

आणखी एक गोष्ट मनात सलते. पूर्वी ही घरातून "अहो, ऐकलंत का?" अशी हाक मारायची. गेल्या वर्षापासून हाक बंद झाली. समोर येऊन उभी राहते, नाहीतर खांद्याला हात लावते, मग बोलते. नवऱ्याचा मान कमी झाला की असंच होत असावं.

१० मार्च

डिझेल आणायला गेलो होतो. परत येतो तर मशीन चालू. मला वाटलं कुणी पळवून नेलं. धावत गेलो, तर केबिनमध्ये ही! माझा जुना निळा पूर्ण बाह्यांचा शर्ट अंगात, केस बांधलेले, नजर एकदा पुढे, एकदा स्क्रीनवर. वळण असं घेतलं की एक काडी उभी राहिली नाही.

मी बांधावर डिझेलचा कॅन धरून उभा. शेजारी दूधवाला. त्याने मागच्या भुशात हात घालून पाहिला. दाणा नव्हता. म्हणाला, "वस्ताद, तुमची सुट्टी झाली आता. वस्तादीणबाई आल्या!"

मी हसलो. हसण्यासारखं काय होतं देव जाणे.

ती खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता. लग्नातसुद्धा नव्हता. "कसं झालं?" विचारलं तिने. मी म्हटलं, "डिझेल सांडू नकोस."

११ मार्च

आज काही नाही. चहा गार होता.

१४ मार्च

फोनवर आता लोक विचारतात, "ताई स्वतः येणार ना?" एका गिऱ्हाइकाने तर ताईंना विचारूनच तारीख ठरवू म्हणत फोन ठेवूनच दिला. मी घरात असून नसल्यासारखा.

काल मी एक बुकिंग घेतलं. आठ वाजता या, म्हणाला तो माणूस. आज आठला पोचलो तर तो चिडलेला. म्हणे, सात सांगितलं होतं. आठच म्हणाला होता. माणसं तोंड उघडून बोलतच नाहीत हल्ली. ही मध्ये पडली, "चूक माझी, मीच नीट लिहिलं नाही." तिने कशाला स्वतःवर घ्यावं? मोठेपणा मिरवायला. आता सगळीकडे हिचंच कौतुक, चुकीतसुद्धा.

घरी मुलगी जेवताना आईला विचारत होती, "आई, तो दाणे मोजणारा सेन्सर कसा चालतो गं?" ही सांगत होती. पट्टीवर दाणा आपटला की त्याचा ठोका मोजला जातो, वगैरे. मुलीने मला बेअरिंगबद्दल कधी विचारलं नाही.

१५ मार्च

आज एक काम केलं. मुलगी शाळेत होती, ही दुकानात गेली होती. सीट वर उचलली. सेन्सरच्या दोन वायरी एका प्लगमध्ये येतात. प्लग सोडवला आणि बोटभर तारेचा तुकडा लावून दोन टोकं जोडून टाकली. आता सीटवर कुणी असो वा नसो, मशीनला वाटणार माणूस बसलाय.

चालू करून उभा राहिलो. तोंड फिरतच राहिलं. किती बरं वाटलं! पुढचं सगळं दिसत होतं.

हिला सांगणार नाही. सांगितलं की लगेच टोपीवाल्याला फोन जाईल. आणि खरं लिहायचं तर, या मशीनची एक तरी गोष्ट अशी असू दे जी फक्त मला माहीत आहे.

१८ मार्च

लिहिता येईल तेवढं लिहितो.

मास्तरांचा गहू होता. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, माझ्या मुलीचेही सर. त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "कापायला वहिनींना पाठवा." मी म्हटलं, जा. आणि मागून सायकल घेऊन गेलो, कडेच्या झुडपापाशी उभा राहिलो. का? तिचं काही चुकतंय का पाहायला. चुकावं असंच वाटत होतं.

एका कोपऱ्यात पीक ओलसर होतं. पुढचं रीळ, म्हणजे पिकाला आत ओढणारं फिरतं चाक, काड्या गुंडाळून अडकलं आणि थांबलं. ही सीटवरून उठली, शिडीवरून उतरली, पुढे आली. रीळ थांबलेलं. तिला वाटलं, आपण उठलो म्हणून बंद झालंय. मला तेव्हाच तार आठवली. बंद काही झालं नव्हतं, नुसतं अडलं होतं. मागून इंजिन जोर लावत होतं.

मी ओरडलो. मशीनच्या आवाजात तिला काय ऐकू जाणार? सायकल टाकून धावलो. ती दोन्ही हातांनी काड्या उपसत होती. शेवटचा पुंजका निघाला आणि रीळ फिरलं. तिची डावी बाही धरली त्याने.

मी शिडी कशी चढलो आठवत नाही. किल्ली फिरवली. सगळं थांबलं. खाली आलो तर ती गुडघ्यांवर, बाही खांद्यापासून फाटून रिळाला लोंबत होती, आणि हात मनगटातून भलतीकडे वळलेला. रडत नव्हती. एकच वाक्य परत परत म्हणत होती, "मी उठले होते हो. उठले होते ना मी?"

मास्तरांनी गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं. मी म्हटलं, मशीन बाजूला लावून आलोच.

मशीन बाजूला लावलं. तार काढली, प्लग होता तसा बसवला. मग गेलो.

१९ मार्च

मनगटाची दोन हाडं मोडली, कोपरापर्यंत कातडी सोलली आहे. बोटं हलतात. डॉक्टर म्हणाले, शर्ट जुना, विरलेला होता म्हणून बाही फाटली. नवा असता तर हातच आत गेला असता. मुलगी माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, तू तिथे होतास म्हणून आई वाचली." सगळे असंच म्हणतायत. दूधवाला येऊन पाठ थोपटून गेला.

मी त्याला दवाखान्याबाहेर चहा पाजला.

२१ मार्च

टोपीवाला आला. आधी दवाखान्यात जाऊन ताईला भेटला, मग मशीनपाशी. सीटवर बसला, उठला, बसला, उठला. दर वेळी तोंड बरोबर बंद. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "भाऊजी, सेन्सर तर चालतोय. मग त्या दिवशी काय झालं? मीच तपासून पास केला होता."

मी म्हटलं, "इलेक्ट्रॉनिक गोष्टींचा काय भरवसा?"

हे वाक्य मी बोललो. लिहून ठेवतो.

तिथून तो परत दवाखान्यात गेला, मागोमाग मीही, आणि त्याने हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मीच नीट उठले नसेन का? पण उठल्याशिवाय खाली कशी येईन मी?" हसायचा प्रयत्न केला तिने. मास्तर बाहेर माझ्या कानाशी येऊन सांगत होते, "बायकांचा असा गोंधळ होतो घाईत." मी मान डोलावली.

२३ मार्च

आजपासून मी चालवायला घेतलं. दूधवाल्याचा मागचा तुकडा. सीट माझी, स्टिअरिंग माझं, बाजूची सीट रिकामी. लोकांनी "वस्ताद आले" म्हणून हाक दिली. बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण आधी बरं वाटलं. खोटं लिहून काय उपयोग.

दुपारी दूधवाला एकदम मशीनच्या समोर येऊन दोन्ही हात हलवायला लागला. थांबवलं. तो शिडीवर चढून दार उघडून आत आला आणि त्याने कपाळाला हात लावला. "अहो, आत एवढं किंचाळतंय आणि तुम्ही बसलात कसे?"

"काय किंचाळतंय?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं. मग खाली उतरून मला मागे नेलं. भुशाखाली जमीन दाण्यांनी पिवळी झाली होती. माझ्या चार फेऱ्यांचा गहू मातीत. स्क्रीनवर लाल दिवा लागला होता, पण माझी नजर पुढे पिकावर. सवयीप्रमाणे.

संध्याकाळी मुलीला केबिनमध्ये बसवलं. स्क्रीनवर बीप तपासायचं बटण आहे, ते दाबलं. तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. मी सोडलं, तिने हात काढले. दाबलं, परत हात कानांवर.

मला काहीच ऐकू आलं नाही. इंजिन बंद होतं, तरी नाही.

मुलगी रडायला लागली. "आईने सांगितलं होतं, बाबाला बोलायचं नाही म्हणून. त्याला वाईट वाटेल."

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"मागच्या वर्षीपासून. तुला कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही, बाबा. आई म्हणाली, त्याचे कान जुन्या मशीनने नेले. नव्यावर मी त्याच्या शेजारी बसेन, म्हणजे कुणाला कळणार नाही."

म्हणून ती टोपीवाल्यासमोर शेवटपर्यंत उभी होती. हे आता कळलं. आणि कळल्यावर पहिला विचार काय आला? माझं बहिरेपणसुद्धा माझ्याआधी हिलाच कळलं. त्यातही हीच पुढे. असा आहे मी.

२५ मार्च

हिला घरी आणलं. प्लॅस्टर गळ्यात अडकवलेलं, उजव्या हाताने फोन धरून कंपनीशी बोलत होती. मी समोर बसून ओठ वाचत होतो. अलीकडे किती ओठ वाचतो मी, आणि स्वतःला पत्ता नव्हता.

फोन ठेवून माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "टोपीवाल्याला घरी बसवलंय. म्हणे तपासणीत हयगय केली. त्याला नोकरी लागून वर्षही झालं नाही हो. मी उद्या जाऊन सांगणार आहे, मी सीटवर जड पिशवी ठेवून उतरले होते, म्हणून तोंड बंद झालं नाही. माझी चूक होती म्हणून."

"पण सीट तर रिकामी होती."

"काय माहीत. मला आता माझाच भरवसा वाटत नाही. आणि मशीनवर काही मी परत जाणार नाही. मग माझ्या नावाला काय धक्का लागणार?"

म्हणजे मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. ती मशीनवरून उतरली, टोपीवाला गेला, वर दोष तिचा. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात मी एव्हाना तरबेज झालो होतो.

मी म्हटलं, "तू उठली होतीस. सेन्सरही ठीक होता. मी तार लावली होती."

तिला कळायला वेळ लागला. मी पुन्हा सांगितलं, का लावली तेही. उभं राहून चालवायला, हे पहिलं. आणि तुझं नाव झालं ते मला सोसत नव्हतं, हे दुसरं. दुसरं बोलायला जास्त जड गेलं.

ती ओरडली नाही. एकच विचारलं. "टोपीवाल्याने बघितलं तेव्हा तार नव्हती. काढली कधी?"

"मास्तर तुला घेऊन गेले तेव्हा."

"माझा हात असा लोंबत होता तेव्हा?"

मी मान डोलावली.

"लावलीत ते एक वेळ समजेन," ती म्हणाली. "राग येतो माणसाला. पण काढलीत..." आणि उठून आतल्या खोलीत गेली. एका हाताने दार लावता येईना, कडी निसटत होती. मी मदतीला उठलो नाही. उठायचा हक्क नव्हता.

२७ मार्च

कंपनीच्या ऑफिसात गेलो. काचेच्या केबिनमध्ये साहेबांना सगळं सांगितलं. टोपीवाल्यालाही बोलावून घेतलं होतं. साहेब बरंच बोलले, मला अर्धंच ऐकू आलं. जे आलं ते पुरेसं होतं. कान तपासून चालवायला योग्य आहे असं डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मी या मशीनच्या स्टिअरिंगवर बसायचं नाही.

टोपीवाला उद्यापासून कामावर. बाहेर पडताना मी त्याला म्हटलं, "चुकलो रे." तो माझ्याकडे तोंड करून, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाला, "ताईंना नमस्कार सांगा, साहेब."

मला साहेब म्हणाला. भाऊजी नाही.

१ एप्रिल

ही कामापुरतं बोलते. समोर येऊन उभी राहते, बोलते, जाते. मास्तर आणि दूधवाल्याकडेही जाऊन खरं सांगून आलो. दूधवाला जोक करणारा माणूस, त्याने एकही केला नाही. मुलगी दोन दिवस मला बाबा म्हणाली नाही.

कानांच्या डॉक्टरांकडे गेलो. जे गेलं ते परत येणार नाही. यंत्र लावून थोडं भागेल. म्हणजे आता माझ्या कानातही सेन्सर.

९ एप्रिल

मास्तरांचा एक तुकडा उशिरा पेरलेला होता. त्यांचा निरोप आला, गहू तयार आहे, दाणा झडायला लागलाय. मी बाहेरचा ड्रायव्हर बोलवतो म्हटलं. ही उठून बाहेर गेली. पाहिलं तर मशीनपाशी. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून बराच वेळ तशीच उभी. मग उजव्या हाताने कठडा धरून चढली.

शेतावर पोचल्यावर तिने मला खुणेने मशीनच्या पुढे उभं केलं, रिळासमोर. रीळ चालू केलं. माझ्यापासून दोन हातांवर ते फिरत होतं. ती सीटवरून उठली. थांबलं. बसली, चालू केलं. उठली. थांबलं. किती वेळा केलं मोजलं नाही. मी जागचा हललो नाही. मग तिने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि काचेला टेकवून मला दाखवली.

रिळात मागच्या कापणीच्या सुकलेल्या काड्या अजून गुंडाळलेल्या होत्या. तिने त्यांच्याकडे बोट दाखवलं.

हात घालायला हवा होता. इंजिन बंद, किल्ली तिच्या हातात, तरी माझा हात पुढे जाईना. रिळाकडे बघवेना म्हणून वर तिच्याकडे पाहत राहिलो. ती काचेआड उभी होती, घाई करत नव्हती. शेवटी घातला. लोखंड गार होतं. एकेक काडी ओढून काढली. त्यात शर्टाचा निळा धागा निघाला, तोही काढला. मी बाजूला झाल्यावरच ती परत सीटवर बसली.

ओळ पकडून दिल्यावर मशीन सरळ आपलं आपण चालत होतं. वळणावर मात्र ती थांबायची, उजव्या हाताने हळूहळू चाक फिरवायची. वेळ लागला. पण तुकडा पुरा झाला.

मास्तर माझ्या शेजारी बांधावर उभे होते. काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावला, तेव्हा ते आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "म्हटलं, तुमच्यापेक्षा छान चालवतात हो!"

टोचलं. अजून टोचतं.

"हो," मी म्हटलं. "चालवते."